खोटा ठरलेला पाना

माझे पणजोबा म्हणजे दोन तोंडांचा एक जाडजूड पाना. त्यांच्या दांड्यात लोखंडी नळी सरकवायची आणि अंगाचा सगळा भार टाकायचा, एवढीच त्यांची रीत. नट बसला की तुटला, हे मागाहून कळत असे. माझे आजोबा रिंग पाना. ते स्वभावाने शांत, पण किती जोर पुरे हे त्यांनाही सांगता येत नसे. माझे वडील काट्याचा पाना. जोर वाढला की त्यांचा काटा पट्टीवरून पुढे सरके आणि माणसाला मान वाकडी करून तो वाचावा लागे. मित्रांनो, या तिघांच्याही पोटात शब्द नव्हता. आमच्या घराण्यात बोलता आले ते प्रथम मला.

मी एक जुना टॉर्क पाना आहे. माझ्या दांड्यात एक स्प्रिंग आहे. मूठ फिरवून मला हव्या त्या आकड्यावर आणायचे. तेवढा जोर पडला की मी 'टक्' असे बोलतो. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. उगाच बोलणे आमच्या कुळात नाही.

ज्या गॅरेजात मी नोकरीस लागलो, ते दोन गाड्या जेमतेम मावतील एवढेच होते. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक आणि क्लच दुरुस्त होत. मागच्या भिंतीला मात्र एक लहानशी लाल गाडी उभी असे, आणि घराचा जीव तिच्यात अडकलेला असे. गॅरेजच्या मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. त्यांची थोरली मुलगी हाताची पक्की, धाकटा मुलगा पायाचा पक्का. म्हणजे ती गाडी बांधायची आणि तो पळवायचा. त्या दोघांनी लाल गाडीचे सिलिंडर मोठे करून घेतले, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले, फ्लायव्हील लेथवर उतरवून हलके केले, मागची गादी काढून पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडला. यातल्या प्रत्येक बोल्टवर शेवटचा शब्द माझा होता. हे मी अभिमानाने सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही.

मिस्त्रींचे दोन कडक नियम होते. पहिला असा, की नट आवळणारा एकटा कधीच नसावा. मी बोललो की आवळणाऱ्याने मोठ्याने म्हणायचे, "बोलला." दुसऱ्याने म्हणायचे, "ऐकलं," आणि त्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ नसलेला नट म्हणजे न आवळलेला नट, मग तो देवाने येऊन आवळलेला का असेना. दुसरा नियम माझ्यासाठी होता. काम संपले की माझी मूठ उलटी फिरवून मला शून्यावर आणायचे, म्हणजे पोटातली स्प्रिंग सैल पडते. त्या घरात याला 'पाना झोपवणे' म्हणत.

"पाना झोपवलास का?" मिस्त्री विचारत.

"आधी हात तरी धुऊ द्या, बाबा."

"तुझे हात पळून चाललेत का? तो दमलाय. त्याला झोपव, मग हात धू."

रविवारी दुपारी रेडिओवर दूरदेशीच्या शर्यतींचे समालोचन लागे. भिंतीवर वर्तमानपत्रांतली कात्रणे डकवलेली असत. कोणत्या गाडीने कोणत्या वळणावर कोणाला मागे टाकले, हे धाकट्याला तोंडपाठ असे. रेडिओ बंद झाला की त्याचे स्वतःचे समालोचन सुरू होई. "आणि पहा, ताईसाहेब वळणावर आल्या आहेत! हातात रॉकेलचा डबा आहे, चेहऱ्यावर भयंकर राग आहे, धाकट्या बंधूंना आता माघार घ्यावी लागेल असं दिसतंय..." थोरली हातातला फडका नेम धरून मारी आणि मिस्त्री तोंड फिरवून हसत. मित्रांनो, त्या दुपारचा रॉकेलचा आणि गरम लोखंडाचा वास माझ्या मुठीच्या खाचांत अजून आहे.

असाच एक रविवार होता. शर्यतींचा हंगाम नुकताच संपला होता. धाकटा एकटाच मागच्या चाकाच्या हबचा मोठा नट आवळत होता. त्यासाठी मला माझ्या शेवटच्या, सर्वांत कठीण आकड्यापर्यंत ताणावे लागते. मी बोललो, आणि तेवढ्यात रेडिओवरचा समालोचक ओरडू लागला. शेवटची फेरी सुरू झाली होती. धाकटा मला हातात धरूनच धावला, जाता जाता मला उंच फळीवर रंगाच्या डब्यांमागे टाकले आणि रेडिओला कान लावला.

मी तसाच राहिलो. ताणलेला.

मी लाल गाडीपुरताच, आणि तिचा हंगाम संपलेला, त्यामुळे माझे काम नव्हते. एक महिना गेला, दुसरा गेला, चौथाही गेला. बोलता येत नाही अशा वेळी ताणलेले राहणे काय असते, हे मी तुम्हांला कसे समजावू? मूठ आवळून चार महिने झोपून पाहा. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी धाकट्याला आठवण झाली. त्याने मला फळीवरून काढले, आकडा पाहिला, त्याचा चेहरा उतरला. मग घाईघाईने त्याने मला शून्यावर आणले, पुसले आणि माझ्या जागी ठेवून दिले.

"पाना झोपवलेला आहे ना?" थोरलीने सामान भरताना विचारले.

"हो, ताई."

ते खोटे नव्हते. आणि खरेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या मैदानावर आमची गाडी सुरुवातीच्या रेषेवर दुसऱ्या जागी लागली. पहिल्या जागेचा मान एका उंच, किडकिडीत गड्याला मिळाला होता. तो स्वतःची गाडी स्वतः बांधायचा आणि स्वतःच पळवायचा. सगळे त्याला लांबट म्हणत. थोरली चाकांचे नट आवळू लागली. मी बोललो. "बोलला," ती म्हणाली. "ऐकलं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी रेघ ओढली. लांबट हेल्मेट काखेत घेऊन शेजारून चालला होता. तो थबकला.

"परत एकदा आवळा बरं."

"का? चाक माझं आहे," थोरली फणकारली.

"चाक तुमचंच आहे, पण पाना लवकर बोलतोय. तुमच्या हातावर अजून जोर आलेला नाही आणि हा आपला टक् म्हणून मोकळा. बघा."

तिने त्याच नटाला पेटीतले माझे पणजोबा, तो दोन तोंडांचा पाना, लावले. नट सहज फिरला, जवळजवळ पाव फेरा. तिचा चेहरा पांढरा पडला. त्या चाकावर तिचा भाऊ निघणार होता.

लांबट धावत गेला आणि स्वतःचा पाना घेऊन आला. सोळाच्या सोळा नट त्याने तिच्याबरोबर पुन्हा आवळले. तोवर शिट्टी झाली होती. ही शिट्टी म्हणजे गाडीत बसायचा इशारा; तेव्हा जो आपल्या गाडीत नसतो त्याला सर्वांच्या मागून निघावे लागते, हा मैदानाचा नियम. लांबटाची पहिली जागा गेली. गाडीत तयार बसलेला आमचा धाकटा पुढून निघाला आणि चषक घेऊन आला. लांबट कितवा आला, हे कोणी विचारलेसुद्धा नाही.

थोरलीने मात्र त्याला गाठले. "तुमची जागा आमच्यामुळे गेली. याची भरपाई कशी करू?"

तो हसला. "पुढच्या वेळी माझी चाकं तुम्ही बघा. फिटलं."

पुढची वेळ आली नाही. त्याच वर्षी तो नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याच्या गाडीवर आच्छादन चढले.

घरी आल्यावर मिस्त्रींनी माझे तोंड शेगड्यात, म्हणजे टेबलाला जोडलेल्या लोखंडी पकडीत, आवळले आणि दांड्याच्या टोकाला पाण्याचा डबा टांगला. डब्यात मोजून पाणी ओतत गेले. निम्मा डबा भरला नाही तोच मी बोललो. मिस्त्रींनी मान हलवली. "खोटा निघाला. कारखान्यातच काहीतरी चुकलं असणार." माझ्या गळ्यात लाल दोरा बांधून त्यांनी मला सर्वांत खालच्या खणात टाकले. धाकटा तिथेच उभा होता. त्याने तोंड उघडले, वर ठेवलेल्या चषकाकडे पाहिले आणि पुन्हा मिटले.

मित्रांनो, गंजाचे मला दुःख नव्हते. ज्याचे सगळे आयुष्य एका शब्दावर उभे आहे, त्याचा तोच शब्द खोटा ठरवला जावा आणि तो का खोटा झाला हे सांगायला त्याला दुसरा शब्द नसावा, हे माझे दुःख होते.

चौतीस वर्षे लोटली. मिस्त्री गेले. गॅरेजची मालकीण थोरली झाली. केस पांढरे झाले तरी हाताची पकड तीच. गाड्यांना संगणक जोडून त्यांचे दुखणे पडद्यावर वाचायचे दिवस आले. माझ्या जागी आकडे दाखवणारा एक विजेचा पाना आला. तो काम झाल्यावर पीं पीं करी. "याला बोलणं म्हणतात का?" थोरली कुरकुरे. "मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळतो मेला."

मग एक दिवस पत्र आले. त्याच जुन्या मैदानावर जुन्या गाड्यांची शर्यत ठरली होती. लाल गाडी पुन्हा उघडली गेली. थोरलीने खालचा खण ओढला, लाल दोरा सोडला आणि मला घेऊन अवजारे पारखणाऱ्या एका तपासनिसाकडे गेली. त्याने मला खोलले. माझी स्प्रिंग उजेडात धरून त्याने विचारले, "हा कुणी ताणून ठेवला होता?"

"म्हणजे?"

"कारखान्याचा काही दोष नाही, बाई. स्प्रिंग थकलीय. कुणीतरी याला शेवटच्या आकड्यावर महिनोन्‌महिने ठेवलेला असणार. नवी घालून देतो. माल सोन्यासारखा आहे."

घरी आल्यावर तिने मला टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवले. समोर धाकटा बसला होता. आता पोट सुटलेला, चष्मा लागलेला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बहिणीकडे. तिने कप त्याच्याकडे सरकवला. तो चष्मा पुसत राहिला. चहा मात्र दोघांचाही गार झाला.

शर्यतीच्या दिवशी धाकट्याची गाडी पहिल्या जागी लागली. "ताई, या वयात पहिली जागा!" तो पोरासारखा नाचत होता. दुसऱ्या जागी एक निळी गाडी होती आणि तिच्या मागच्या चाकाशी एक उंच म्हातारा गुडघे टेकून बसला होता. पंक्चर झालेले चाक त्याने नुकतेच बदलले होते, पण हातांना इतका कंप होता की पाना नटावर ठरत नव्हता. सोबतीला कोणी नव्हते.

थोरलीने त्याला पाठमोराच ओळखला. मला उचलून ती सरळ त्याच्याकडे गेली.

"उठा. तुमची चाकं बघायची राहिलीत माझ्याकडे."

लांबटाने मान वर केली. ओळख पटायला क्षणभर लागला. "अजून लक्षात आहे?"

"आम्ही विसरत नाही. तुम्ही गाडीत बसून घ्या."

तिने मला नटावर चढवले. चौतीस वर्षांनंतर माझी परीक्षा होती, मित्रांनो, आणि ती त्याच माणसासमोर, ज्याने माझे खोटे पकडले होते. तिचे दंड ताठ झाले, खांद्यावर शीर उभी राहिली. मी थांबलो. पूर्ण जोर येईपर्यंत थांबलो. मग बोललो.

"बोलला," थोरली म्हणाली. सवयीने ती उत्तरासाठी थांबली. मिस्त्री नव्हते. लांबटाला ही रीत आठवत नव्हती.

"ऐकलं."

मागे धाकटा उभा होता. एका हातात पिवळ्या रंगाची डबी, दुसऱ्यात कुंचला. त्याची गाडी रेषेवर रिकामी उभी होती.

"अरे, शिट्टी होईल. जागा जाईल तुझी!" लांबट गाडीतून म्हणाला.

"जाऊ दे. ती कधी माझी नव्हतीच." धाकट्याने खाली बसून रेघ ओढली. मग बहिणीकडे न पाहता म्हणाला, "ताई, त्या साली पाना मी ताणून ठेवला होता. चार महिने. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

थोरलीने दुसऱ्या नटावर मला चढवले. "तपासनिसानं सांगितलं मला. तू कधी सांगतोस याचीच वाट बघत होते. रंग सांडू नकोस, रेघ सरळ ओढ."

सोळा नट. सोळा वेळा मी बोललो, सोळा वेळा त्या दोघांनी एकमेकांना उत्तर दिले. मध्येच शिट्टी झाली. मैदानावरच्या माणसांनी लाल गाडी ढकलत सर्वांच्या मागे नेली. सोळावी रेघ ओढून झाली आणि निळी गाडी पुढून निघाली. लांबट पहिला आला नाही, तिसरा आला. पण कंप पावणारे ते हात स्टिअरिंगवर पडल्यावर स्थिर झाले होते आणि चारही चाके जागच्या जागी होती. धाकटा शेवटून दुसरा आला. गाडीतून उतरताना तो इतका हसत होता की लोकांना वाटले, हाच जिंकला.

लांबटाने थोरलीपुढे हात जोडले. "जागेला जागा झाली. आता माझं काही राहिलं नाही तुमच्याकडे."

"राहू दिलंच नसतं," ती म्हणाली.

मित्रांनो, मी म्हातारा आहे, तेव्हा माझे ऐकाल. जी वस्तू तुमच्यासाठी राबते, तिचा ताण काम संपताच उतरवून ठेवा. आणि चूक झाली तर ती त्याच दिवशी बोला. मला बोलायला एकच शब्द आहे. तुम्हांला पुष्कळ आहेत. ही माझी विनंती नाही, हे माझे सांगणे आहे.

त्या संध्याकाळी सामान भरताना धाकट्याने मला हातात घेतले. हात काळेकुट्ट होते. त्याने ते धुतले नाहीत. आधी माझी मूठ उलटी फिरवली, एकेक खाच करत, अगदी शून्यापर्यंत.

"पाना झोपवला, ताई."

"ऐकलं," थोरली म्हणाली.