वाळूवर जळणारा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. आणि आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. एरवी आपल्या जीवनाची कहाणी सांगणारे सगळे साधुसंत असतात. मी नाही. माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यावर जळण्यात गेलं.

एका सुताराने मला चांगल्या लाकडाचा केला, काळा रंग चढवला आणि मी एका शाळेत लागलो. ती शाळा बंद पडली, तेव्हा मला ट्रकवर आडवा घालून ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहरात आणलं. इथल्या एका खोलीत मोठी माणसं शिकायला येतात. लाल मातीच्या दूरदूरच्या वस्त्यांवरची, या भूमीची मूळ माणसं. विद्यापीठात जायचं तर निबंध कसा मांडायचा, संदर्भ कसे द्यायचे, दुसऱ्याच्या मताला उत्तर कसं द्यायचं, हे सगळं त्यांना इथे शिकवतात. शिकवणारी ग्वेन खडूचा अख्खा डबा माझ्यावर झिजवते. मध्यंतरी माझ्याशेजारी एक विजेवर चालणारा चकचकीत पडदा आला होता. उन्हाळ्याने आणि धुळीने त्याचा जीव घेतला. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

पण माझी खरी वैरीण दाराबाहेर पडलेली होती. झाडाखालची वाळू!

सुट्टी झाली की वर्गातल्या बायका तिथे मांडी घालून बसायच्या. त्यांतली लोरेटा गळ्यात अडकवलेली वाकडी तार काढायची. कुंपणाचीच साधी तार, पण तिच्या वस्तीवरच्या मुली लहानपणापासून ती बाळगतात. तारेने जमिनीवर ठेका धरायचा, बोटाने चित्र काढायचं आणि गोष्ट सांगायची. अर्धगोल म्हणजे बसलेलं माणूस, गोल म्हणजे चूल. वर्गात जिच्या तोंडातून शब्द फुटत नसे, ती लोरेटा तिथे सगळ्यांना पोट धरून हसवायची. मी दारातून बघायचो आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी उभा, स्वच्छ, चौकटीत बसवलेला. वाळू पायदळी पडलेली. आणि कौतुक तिचं!

लोरेटाची डॉट मावशीही तिथे असायची. तिच्या किडन्या गेलेल्या. रक्त साफ करायचं यंत्र शहरात, म्हणून मावशीही शहरात. वस्तीवरच्या दवाखान्यात तसं यंत्र येऊन पडलं होतं, पण ते चालवायला तिथे टिकणारी नर्स नव्हती. लोरेटाला ती नर्स व्हायचं होतं. त्यासाठी आधी इथला शेवटचा निबंध पास व्हायला हवा होता. मागच्या वर्षी ती त्यातच नापास झाली होती आणि आणखी एक संधी तेवढी उरली होती.

तिचं घोडं अडायचं एकाच ठिकाणी. निबंध सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लांबलचक ओघ. आजार, प्रवास, सरकार, मावशी, सगळं एकात एक. ग्वेन माझ्यावर चौकोन काढून दाखवायची, एका परिच्छेदात एकच मुद्दा. लोरेटा मान डोलवायची आणि पुन्हा तसंच लिहून आणायची.

एकदा ग्वेनने तिलाच माझ्यापुढे उभं केलं. सगळ्यांसमोर एकटीने उभं राहायचं म्हणजे लोरेटाला मेल्याहून मेल्यासारखं होई. मावशीने खिडकीतून डोकं आत घातलं.

"काय गं, त्या फळीपुढे तुझं तोंड शिवलं का? कांगारूचं शेपूट भाजलं की पहिली पुढे असतेस!"

"मावशी, गप बस ना! लाज वाटते."

सगळे हसले, आणि त्या हसण्यात लोरेटाचा हात सुटला. तिने पहिला मुद्दा लिहिला, माणसं आजारी का पडतात तो. काय सुबक लिहिला! माझी छाती फुगली. आता वाळूचं नाव कोण काढतंय, असं मी म्हणतोय तोच तिने तळहाताने सगळं पुसून टाकलं.

"अगं, पुसलंस का?" ग्वेन ओरडली. "कोणाचं उतरवूनसुद्धा झालं नाही!"

लोरेटा गोंधळली. "पण ते संपलं ना. आता माणसं शहराकडे निघणार. वाळूवर करतो तशी जमीन साफ नको करायला?"

"नाही केली तर चुलीजवळची माणसं गाडीत येऊन बसतील," मावशी बाहेरून म्हणाली. "मग गाडीत मला जागा कुठली?"

लोरेटा आपल्या पांढऱ्या झालेल्या तळहाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ग्वेन, तुझा परिच्छेद म्हणजे हेच का? हात फिरवायचा आणि नवी जागा सुरू करायची?"

"हेच!" ग्वेन म्हणाली. "हेच मी इतके दिवस सांगतेय."

तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. इतके दिवस खडू मी खाल्ला, चौकोन माझ्या अंगावर काढले, आणि यश कोणाच्या पदरात? वाळूच्या! त्या दिवसापासून लोरेटा प्रत्येक निबंध आधी झाडाखाली मांडायची आणि मग कागदावर उतरवायची. माझ्याकडे ती बघेना.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी वावटळ सुटली. आकाश लाल, झाड दिसेना, वाळू तर उडून कुठल्या कुठे गेली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. दार लावून सगळे लिहायला बसले. विषय लोरेटाच्या जिव्हाळ्याचाच होता, घरापासून दूर घ्यावे लागणारे उपचार. तिने कागदावर आकृती काढायला घेतली, खोडली, पुन्हा खोडली. मग पेन खाली ठेवलं आणि तिचे डोळे भरून आले. माझ्या टाळ्या थांबल्या. ही आज बुडाली, तर मावशी शहरातच झिजणार होती. त्या क्षणी मला माझ्या मत्सराची किळस आली.

लोरेटाने मान वर केली. "ग्वेन, फळा वापरला तर चालेल?"

"वापर की."

ती आली. डावा हात माझ्या कोपऱ्यावर टेकवला आणि खडूने हलकेच ठेका धरला, टक, टक, टक. एक अर्धगोल, एक चूल. मनात गोष्ट सांगून झाली की तळहात फिरवायची, जागेवर जाऊन लिहायची, पुन्हा यायची. माझ्यावर एक अक्षर उमटलं नाही. आजवर मी नुसतं सांगत आलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शेवटी तिने एकच अर्धगोल काढला, आपल्या चुलीजवळ बसलेली मावशी. तो मात्र तिने पुसला नाही.

लोरेटा पास झाली आणि विद्यापीठात गेली. जाताना तार गळ्यात घालून गेली. तिला तार लागते, फळा लागत नाही. हो, मी त्या तारेवरही जळतो.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या वर्गातल्या फळ्यावर ओरखडे काढू नका, आणि त्याच्यापुढे कोणी गप्प उभं राहिलं तर हसण्याआधी थोडं थांबा. इथे कधी ओलं फडकं घेऊन आलात, तर माझा डावा कोपरा सोडून द्या. परीक्षेच्या दिवशी लोरेटा धुळीतून आली होती. तिचा लाल पंजा तिथे उमटलाय. झाडाखाली वाळू परत आली आहे, नव्या बायका तिथे हसतातही. हसू देत. वाळूजवळ लोरेटाची एकही खूण नाही. माझ्याजवळ आहे.