झाडूवाली

“मावशी, यांच्यावरची नावं कुठं गेली?”

मॅडमनी स्लाइडचा ट्रे खिडकीच्या उजेडात धरला. नावं मावशींच्याच हातातल्या फडक्यात गेली होती. आज परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार, म्हणून लवकर येऊन त्यांनी चोवीसच्या चोवीस स्लाइड स्पिरिटने चकचकीत केल्या होत्या. स्पिरिटने चिठ्ठीवरची शाई जाते, हे एकोणीस वर्षं प्रयोगशाळा झाडणाऱ्या बाईला माहीत नव्हतं असं नाही. उत्साहाच्या भरात ते डोक्यातून पार निघून गेलं, एवढंच.

“साडेनऊ वाजलेत.” मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. त्यांच्या नोकरीचं हे पहिलंच वर्ष. “दहाला परीक्षा. एकेक पेशी बघायची, ओळखायची, यादी करायची. मी एकटी कुठं कुठं पुरी पडू? परीक्षा पुढे ढकलावी लागणार, आणि पहिल्याच वर्षी माझी शोभा!”

मावशींनी चोरट्या नजरेने भिंतीकडे पाहिलं. तिथे मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद होता : ‘शिक्षक व विद्यार्थी यांच्याशिवाय कोणीही सूक्ष्मदर्शक वापरू नये.’

“अर्ध्या मला द्या,” त्या म्हणाल्या.

“अहो, पुसायला नाही, ओळखायला!”

“ओळखायलाच म्हणतेय. शाळा सुटली की मी दार लोटून घेते आणि दुर्बिणीत बघते. रोज एक. आता मोठ्या सरांना सांगायचं तर सांगा, पण परीक्षा झाल्यावर.”

मॅडम बघतच राहिल्या. मावशींचं शिक्षण सातवीपर्यंत. पण मागची टेबलं पुसता पुसता त्यांनी पेशींचा धडा एकोणीस वेळा ऐकला होता. शिकवणारे बदलले, धडा तोच राहिला. एवढी उजळणी तर वर्गातल्या पहिल्या नंबराचीही होत नाही.

मावशींनी पदर खोचला आणि डोळा लावला.

“ही रक्तातली तांबडी. मधे दबलेली, केंद्रक नाही. प्राणवायूला जागा व्हावी म्हणून घरातलं कपाटसुद्धा बाहेर काढलंय बिचारीनं. ही मुळाची. एक हात लांब काढून मातीत पाणी चाचपते. आणि ही पानातली. कशी उन्हाकडे उभी आहे बघा, आत हिरवा माल ठासून भरलाय!”

मॅडमनी पहिल्या तीन तपासल्या. चौथी तपासली नाही. दहाला पाच कमी असताना दोघींनी मिळून केलेली यादी टेबलावर होती, आणि दोघींना उगाचच हसू येत होतं.

परीक्षक आले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहऱ्यावर रेघ हलेल तर शपथ. मुलं अजून बाहेर रांगेत होती. यादीवरून बोट फिरवत ते नवव्या नंबरावर थांबले.

“हे काय? ‘झाडूवाली’?”

मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. “सर, घाईघाईत माझ्याकडून...”

पोरगी दोष स्वतःवर घेतेय हे मावशींच्या लक्षात आलं, आणि मग त्यांना गप्प बसवेना.

“ते अक्षर माझं आहे साहेब. नावं मीच पुसली, अर्धी मीच ओळखली. घाईत आमचं घरचं नाव लिहिलं गेलं.”

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. “घरचं नाव? झाडूवाली का पण?”

“श्वासनळीतली आहे ना ती. हिच्या डोक्यावर बारीक बारीक केस असतात. आत आलेली धूळ शेंबडाला चिकटते, आणि हे केस ती वर वर लोटत राहतात. रात्रंदिवस. रजा नाही की सुट्टी नाही. ती झाडते म्हणून माणूस मोकळा श्वास घेतो, पण ती आहे हे कुणाच्या गावीही नसतं. मला ती आमच्यातली वाटते.”

परीक्षकांनी लाल पेन काढलं. मॅडमनी डोळे मिटले. परीक्षकांनी ‘झाडूवाली’च्या खाली पुस्तकातलं नाव लिहिलं, वरचं खोडलं नाही.

“मुलांना आत घ्या,” ते म्हणाले. “आणि नऊ नंबरला एखाद्यानं इतकं नीट कारण लिहिलं, तर मी पैकीच्या पैकी देणार.”

परीक्षा आटोपल्यावर मॅडम आणि परीक्षक ती यादी घेऊन मोठ्या सरांच्या खोलीत गेले. बोलावणं येईल म्हणून मावशींनी अंगण झाडलं, जिना झाडला, झाडलेला जिना पुन्हा झाडला. बोलावणं काही आलं नाही.

शाळा सुटल्यावर त्या प्रयोगशाळेत शिरल्या. सवयीने नजर भिंतीवर गेली. कागद तोच होता, पण ‘विद्यार्थी’च्या पुढे निळ्या शाईत दोन शब्द घुसवले होते, ‘व मावशी’, आणि शेजारी मोठ्या सरांची छोटी सही.

मावशींनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं धूसर झाली आणि त्यांना हसूही आलं. त्यांनी हात धुऊन कोरडे केले, नऊ नंबरची स्लाइड काढली आणि नेहमीप्रमाणे दार लोटायला गेल्या.

कडीला हात लागला, आणि त्यांनी तो मागे घेतला. मग दार दोन्ही बाजूंनी सताड उघडून, बाहेरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, त्या स्टूल ओढून बसल्या.