स्प्रिंग धरायला कोण

मिस्त्रीची बायको गेली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं, तोच विहिरीवरचं इंजिन रुसून बसलं. दोरी ओढली की फुस्स करायचं आणि गप्प. दोरी ओढायला जोरच लागेना, तेव्हाच त्याने ओळखलं: व्हॉल्व्ह काजळीने भरलेत, दाब धरत नाहीत.

लेकीला फोनवर हे सांगायला नको होतं. पण जीभ कुठे ऐकते!

"बाबा, पुरे झालं आता," ती म्हणाली. "पाणी काय बादलीने ओढणार? रविवारी गाडी घेऊन येते. बॅग भरून ठेवा."

"त्याच्या आत चालू झालं तर?"

"झालं तर राहा. तुम्ही आणि तुमचं ते खटारं!"

म्हणजे घर राहणार की सुटणार, ते आता त्या खटाऱ्याच्या हाती होतं.

मिस्त्रीने इंजिन छातीशी धरून आणलं आणि थेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. ओरडायला कोणी नव्हतं. तरी त्याने खाली जुना टॉवेल अंथरला.

हेड उतरवलं, खटपट करत दोन्ही व्हॉल्व्ह काढले. हवेचा ठेवला निळ्या कपात, धुराचा ठेवला बायकोच्या कान तुटलेल्या कपात. अदलाबदल झाली, तर दोघांचंही आपापल्या जागेशी पटत नाही. काजळी खरवडली. व्हॉल्व्ह बसतात त्या जागेवर घासायची पेस्ट लावली आणि व्हॉल्व्हला चिकटणारी काठी तळव्यांत धरून ताक घुसळावं तसे व्हॉल्व्ह फिरवले. वरून रॉकेल ओतून पाहिलं. थेंब गळला नाही.

इथवर छान. गोची पुढेच होती. स्प्रिंग दाबून धरायची आणि तिच्या टोपीत डाळीएवढ्या लॉकचे दोन तुकडे बसवायचे. दाबायलाच दोन्ही हात लागतात. लॉक नेहमी बायको बसवायची, बोटाच्या टोकाला ग्रीस लावून. आणि आधी दरडावायची, "खालच्या ऑइलच्या भोकात चिंधी कोंबली का? नंतर माझ्या नावाने शिमगा नको."

मिस्त्रीने एका हाताने स्प्रिंग दाबली, दुसऱ्या हाताने लॉक पुढे नेलं. स्प्रिंग सटकली, लॉक उडालं आणि टुणकन त्या भोकातून इंजिनच्या पोटात गेलं.

चिंधी कोंबायची राहिली होती. आठवण करून देणारी होती, म्हणून त्याने ते कधी लक्षात ठेवलंच नव्हतं.

तो खुर्चीत बसून राहिला. समोर भिंतीला टेकवलेली बॅग होती. मग उठला, ऑइल काढलं, कापडातून गाळलं. ऑइल गेलं, कापडावर लॉक उरलं. तेवढ्याने त्याला हायसं वाटलं. या वेळी चिंधी आधी कोंबली.

पण हात दोनच. बराच वेळ तो नुसता स्प्रिंगकडे पाहत होता. शेवटी ती लोखंडी शेगड्याच्या जबड्यात धरून दाबली आणि दोन्ही बाजूंनी बारीक तारेने आवळून बांधली. दाबलेली स्प्रिंग निमूट आत गेली, लॉकचे तुकडे बसले, तार कापली. दुसरीचंही तसंच.

इतकी सोपी युक्ती, आणि एवढ्या वर्षांत सुचली नाही! सुचली असती, तर तिला स्वयंपाकातून उठवायला हाका मारत बसलो नसतो, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच वाटलं, बरं झालं नाही सुचली.

शनिवारी इंजिन विहिरीवर बसवून, ऑइल भरून त्याने लेकीला फोन लावला. "कापू नकोस. फोन टाकीच्या काठावर ठेवतो. पाणी पडल्याचं ऐकू आलं की सांग."

"ते आई सांगायची ना?"

"हो."

फोन ठेवून तो विहिरीकडे गेला. दोरी ओढली. या वेळी ओढायला चांगला जोर लागला. दुसऱ्या ओढीला इंजिन धडधडायला लागलं.

"आलं का?" तो सवयीने ओरडला.

बायको असताना ती टाकीवर थाळी बडवायची, म्हणून इंजिनच्या आवाजातही कळायचं. आता काही ऐकू येईना. तो कानामागे हात धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग टाकीकडे चालत गेला.

पाणी पडत होतं. शेजारी फोनमधून चिरका आवाज येत होता, "बाबा, आलं! अहो, कधीची ओरडतेय मी! आलं!"

मिस्त्रीने फोन उचलला नाही. लेक ओरडत होती तोवर तो तिथेच टाकीला टेकून ऐकत राहिला.