शिहोमी संगमावर

“पिशवी वर ठेवा की, अत्या. मांडीवर कामून धरून बसलाव?”

“राहू दे. नारळ हाय त्यात.”

“नारळ काय पळून जायलाय व्हय?”

खिडकीबाहेर तुरीची शिवारं मागं पळत होती, तिकडं तोंड करून कमलम्मा बसली आणि पिशवीचे बंद मुठीत आणखी घट्ट आवळले. कलबुर्गीला बस बदलल्यापासून तिचं असंच चाललं होतं. दानेश्वरीला वाटलं, सासूबाईंना गाडी लागत असेल. तिनं बाटलीतलं पाणी पुढं केलं. कमलम्मा एक घोट प्यायली. सुनेकडं मात्र तिनं बघितलं नाही.

गाणगापूरला जायचं कमलम्मानंच काढलं होतं. लिंगायताच्या घरातली असली तरी तिचं माहेर गाणगापूरच्याच बाजूच्या करजगीचं, आणि लहानपणापासून तिचा दत्तावर जीव. मुलगा महेशकुमार शेतीऔषधांच्या दुकानातून निघू शकत नव्हता. “तुम्ही दोघी जाऊन या,” तो म्हणाला. दानेश्वरीनं दवाखान्यात रजा टाकली, पर्समध्ये कॅमेरा टाकला आणि झुंजूमुंजू व्हायच्या आधी मंठाळहून निघाली.

बसवकल्याणच्या सरकारी दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत माणसं यायची. कुणाचा हात मोडलेला, कुणाची छाती भरलेली. “श्वास धरा,” “उसिर हिडीरी,” “सांस रोको,” असं ज्याला जी भाषा समजेल त्या भाषेत सांगायचं आणि बटण दाबायचं. तिनं काढलेल्या चित्रांकडं कुणी चित्र म्हणून बघत नसे, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

तिची खरी चित्रं वेगळी होती. घरच्या पुढच्या खोलीत महेशकुमारनं तिला काचेचं कपाट करून दिलं होतं. आत बारीक दिव्यांची माळ, आणि तीन फळ्यांवर जपानी अ‍ॅनिमे मालिकांमधली माणसं. कुणी तलवार उगारलेली, कुणी पावसात छत्री धरलेली, एक म्हातारा स्वयंपाकी कढई घेऊन बसलेला. वीत-दीड वीत उंचीच्या मूर्ती, पण कपड्याची चुणी न् चुणी घडवलेली. पहिली तिनं हैदराबादच्या एका जत्रेत घेतली होती. ती नकली निघाली, डोळे तिरळे. मग दानेश्वरी शिकली. अस्सल कशी ओळखायची, कुठून मागवायची, ऊन कुठल्या बाजूनं घेतलं म्हणजे प्लास्टिकचा चेहरा माणसाचा दिसतो, सगळं. सुट्टीच्या दिवशी एकेकीला पिशवीत घालून ती शेतात जायची आणि कुणी बघत नाही ना हे पाहून फोटो काढायची.

ते फोटो घरात तिनं कुणाला दाखवले नव्हते. लोकांना कपाट तेवढं दिसायचं, आणि कपाट बघून लोक जे म्हणायचे ते तिला पाठ झालं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळं करून झालं होतं, आणि एक दिवस नवराबायकोनं मिळून ते थांबवलं होतं. पण लोकांचं थांबलं नव्हतं. गेल्या महिन्यात नणंदेच्या, सुधारानीच्या, बाळाचं बारसं झालं. तेव्हा करजगीची मावशी, म्हणजे कमलम्माची धाकटी बहीण, कपाटासमोर उभी राहून भरल्या घरात म्हणाली होती, “लेकराच्या जागी ह्या बाहुल्या बसवल्यात. मग लेकरू कुठून येतंय?” दानेश्वरी हातातलं पेढ्यांचं ताट घेऊन तशीच पुढं गेली आणि सगळ्यांना पेढे वाटले.

संगमावर पोचल्या तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. भीमा आणि अमरजा जिथं एक होतात तिथं पाणी संथ होतं आणि त्यावर पातळ धुकं तरंगत होतं. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची अंघोळीची घाई चालली होती. गर्दीपासून थोडं लांब, काळ्या खडकापाशी, कमलम्मा बसली. पिशवीतून तिनं पितळी ताट काढलं, हळदकुंकू, फुलं, नारळ काढला. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि ते मांडीवर ठेवून नुसतीच बसून राहिली.

“काय हाय ते?” दानेश्वरीनं विचारलं.

“रागावू नगंस.”

कमलम्मानं फडकं उलगडलं. आत शिहोमी होती.

शिहोमी म्हणजे कपाटातली सगळ्यांत वरच्या फळीवरची. पाण्यात बुडालेल्या एका गावात नाव चालवणारी, माणसांना या तीरावरून त्या तीरावर पोचवणारी मुलगी. सोलापूरच्या दवाखान्याच्या बाकांवर तासन् तास बसायचे ते दिवस होते. तेव्हा मोबाइलवर दानेश्वरीनं पहिल्यांदा पाहिलेली मालिका तिची. निळा सदरा, एक बाही फाटलेली, केस वाऱ्यावर.

“मावशीनं सांगितलं,” कमलम्मा पाण्याकडं बघत बोलू लागली. “सगळ्यात लाडकी असंल ती संगमात सोडून ये म्हणाली. म्हंजे कूस उजवतीय म्हणं. मला खरं वाटतंय असं न्हाई ग दानू. पर काय सांगू, एवढं एकच करायचं राहिलं व्हतं.”

दानेश्वरीच्या तोंडाशी खूप काही आलं. चोरून आणलंत, हे पहिलं आलं. तेवढ्यात तिचं लक्ष लुगड्याच्या तुकड्याकडं गेलं. शिहोमीच्या हातातलं वल्हं निघतं. ते बारीक आणि नाजूक, जरा धक्का लागला तर मोडायचं. कमलम्मानं ते अलगद काढून वेगळ्या कागदात, वर कापूस लावून गुंडाळलं होतं. पाण्यात बुडवायला आणलेल्या बाहुलीचं वल्हं वाटेत मोडू नये म्हणून.

ती सासूच्या शेजारी खडकावर बसली.

“अत्या, एक सांगते, ऐकून घ्या. लेकराच्या जागी मी कुणालाच बसवलं न्हाई. ती जागा रिकामी हाय. मला ठावं हाय, तुमाला ठावं हाय, ह्यांनाबी ठावं हाय. ती तशीच राहू द्या. ही बाहुली माझं लेकरू न्हाई. हे माझं काम हाय.”

“काम?”

“व्हय. तुमी कधी बघितलंच न्हाई. मीच दाखवलं न्हाई म्हणा.”

तिनं कॅमेरा काढला आणि मागचा पडदा उजेडापासून आडोसा करून सासूपुढं धरला. कमलम्मानं डोळे बारीक केले. पडद्यावर दोन उंच काळ्या कड्यांच्या मधून शिहोमी चालली होती. कडे आभाळापर्यंत गेलेले, वर उन्हाची एक रेघ, आणि ती एवढीशी मुलगी वल्हं खांद्यावर टाकून कुठंतरी लांबचं बघत होती. पाण्याचा टिपूस नव्हता, तरी तिला नदीपर्यंत पोचायचं आहे हे कळत होतं.

“हे कुठलं ग? डोंगर म्हणावं तर डोंगर न्हाई.”

“ओळखा.”

कमलम्मानं कॅमेरा हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग तिनं एकदम मान वर केली. “अग, ही तर आपल्या वरच्या बांधाची भेग! उन्हाळ्यात पडती ती! तिथं गवताची काडी हाय बघ, ती मोठी झाडागत दिसायलीय!”

“व्हय. मी पालथी पडून काढलाय. तिच्या डोळ्याच्या सरळीत कॅमेरा धरला की ती मोठी व्हतीय.”

“आणि लोकं बघतात हे?”

“बघतात. ह्या छंदाच्या लोकांचा मोबाइलवर एक गट हाय. पुण्याचे, चेन्नईचे, जपानचेबी हायत. तिथं मी माझं नाव मंठाळ असं टाकलंय. लोक विचारतात, मंठाळ कुठं हाय, तिथली माती एवढी काळी कशी.”

“आपलं मंठाळ?” कमलम्मानं विचारलं, आणि परत पडद्याकडं बघितलं. त्या भेगेत तिच्या नवऱ्याचा बैल एकदा पाय अडकून पडला होता. त्या बांधावर ती उभ्या आयुष्यात किती वेळा भाकरी घेऊन गेली होती. तो बांध असा दिसू शकतो हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

दानेश्वरी उठली. “तुमच्या मनाला बरं वाटत असंल तर सोडा तिला. मी आडवी येत न्हाई. पर आधी मला तिचा इथं एक फोटो काढू द्या. नदीपाशी आलीय ती पहिल्यांदा.”

कमलम्मानं कागद उलगडला, कापूस बाजूला केला आणि वल्हं सुनेच्या हातात दिलं.

पाण्याला लागून एक सपाट दगड होता. दानेश्वरीनं शिहोमीला त्यावर उभं केलं, वल्हं हातात बसवलं. मागं नदी, धुकं आणि लांबवर एक होडी. सगळं होतं. पण ऊन मुलीच्या पाठीमागून येत होतं, चेहरा काळा पडत होता. दानेश्वरीनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिची नजर पितळी ताटावर पडली.

“अत्या, ते ताट धरता? ऊन ताटावर घ्या आणि तिच्या तोंडावर सोडा. थोडं खाली. अजून. हां, तिथंच.”

पिवळा उजेड शिहोमीच्या गालावर चढला. रंगवलेल्या डोळ्यात एक बारीक ठिपका पेटला. कमलम्मा बघतच राहिली. मघाचं प्लास्टिक कुठंच नव्हतं.

आता दानेश्वरीला पालथं पडायचं होतं. शेतात ती दर सुट्टीला पडायची, पण तिथं कुणी नसे. इथं ओल्या वस्त्रांनी जाणारे-येणारे होते, पोरं होती, भटजी होते. ती क्षणभर उभी राहिली. मग ओढणी कमरेला खोचली आणि भर संगमावर, ओल्या खडकावर, सरळ पोटावर आडवी झाली. कोपर रोवले. लोकांना जे दिवसभर सांगायची ते तिनं स्वतः केलं. श्वास धरला आणि बटण दाबलं.

बघता बघता माणसं जमली. “काय विधी हाय का ओ?” “नवस फेडायल्यात वाटतं.” “अग बाई, बाहुली हाय!” कुणीतरी हसलं. दानेश्वरीनं डोळा कॅमेऱ्यापासून काढला नाही. एक जाडजूड बाई, बोलण्यावरून पुण्याकडची, वाकून बघायला पुढं सरकली, आणि शिहोमीच्या अंगावरचा उजेड विझला.

“ओ बाई,” कमलम्माचा आवाज आला. शेतात गडीमाणसांना हाक मारायची त्या आवाजात ती बोलली. “जरा बाजूला व्हा. सावली पडायलीय.”

“कसली पूजा आहे ही?”

“पूजा न्हाई. माझ्या सुनेचं काम चाललंय.”

बाई सरकली. मागची माणसंही सरकली. कमलम्मानं पदर खोचला, दोन्ही हातांनी ताट पुन्हा उन्हात धरलं, आणि सून “झालं” म्हणेपर्यंत हात भरून आले तरी तिनं ते हलू दिलं नाही.

फोटो बघायला ती सुनेच्या खांद्यावरून वाकली. धुक्यातून नदी वाहत होती आणि काठावर एक मुलगी वल्हं टेकून उभी होती, कुणीतरी हाक मारील म्हणून थांबलेली. पलीकडं जायला निघालेलं कुणी दिसत नव्हतं, आणि तरीही ती कंटाळलेली दिसत नव्हती. कमलम्मानं पडद्यावर बोट ठेवायला नेलं आणि डाग पडेल म्हणून मागं घेतलं.

“ह्याच्याखालीबी मंठाळच लिहिणार का?”

“व्हय.”

“लिही. आणि संगम आपल्याकडचा हाय म्हणून सांग त्यांना.”

तिनं शिहोमीला दगडावरून उचललं, बुडाला लागलेलं पाणी पदरानं टिपलं आणि सुनेच्या हातात दिलं. “धर. मी बुडी मारून येते.”

“आणि मावशीला काय सांगणार?”

“सांगते, पाणी लई गार व्हतं, पोरीला सर्दी झाली असती.”

दानेश्वरीला हसू फुटलं. कमलम्माही हसली, पण पाण्यात उतरताना तिचा चेहरा पुन्हा शांत झाला. कमरेइतक्या पाण्यात ती हात जोडून उभी राहिली. खूप वेळ. तिचे ओठ हलताहेत का, हे काठावरून दिसत नव्हतं. मग ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, आणि नदीच्या पाण्यानं डोळे लाल होतातच.

काय मागितलं, हे दानेश्वरीनं विचारलं नाही. कमलम्मानंही सांगितलं नाही. कोरडं लुगडं नेसून झाल्यावर तिनं ओल्या लुगड्याचं एक टोक सुनेकडं फेकलं. दोघी वाऱ्याच्या तोंडाला दोन बाजूंना उभ्या राहिल्या. लुगडं वाऱ्यानं भरलं, फडफडलं, त्यातून पाण्याचे थेंब उन्हात उडाले. दोघींनी टोकं ताणून धरली. ते वाळत आलं तसं कमलम्मानं मान हलवली, आणि घडी घालत दोघी एकमेकींकडं चालू लागल्या.