देवराव पेंटरनं घासलेलं घर

देवराव पेंटरची रीत आधी कोणी सांगितली असती, तर मी त्याला अंगणातही उभं केलं नसतं. हा माणूस एका वेळी चार घरं धरतो. पहिल्याच दिवशी भिंती घासून ठेवतो आणि पसार होतो. एकाने घासलेल्या घराला दुसरा पेंटर हात लावत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

आमच्याकडे तो सोमवारी आला. सामान मधोमध ओढलं, बैठकीच्या भिंती खरूज झालेल्या कुत्र्यासारख्या करून ठेवल्या आणि गेला. त्यानंतर फोन बंद. इकडे रविवारी माझ्या अपेक्षाला बघायला पाहुणे येणार होते. पोरगी एकतीस वर्षांची. आधीचे तिघं पोहे खाऊन गेले ते गेलेच. हा कपिल मात्र तिला फोटोतच आवडला होता, फोनवर दोघं बोलतही होती. लग्नाचा विषय निघाल्यावर पोरगी पहिल्यांदाच हसली होती. हे जमलं नाही तर ती पुन्हा कोणासमोर बसणार नव्हती.

तो दारव्ह्याला काम करतोय असं कळलं, म्हणून शुक्रवारी मी काळीपिवळी जीपमध्ये बसून दारव्हा गाठलं. विचारत विचारत नव्या लेआउटच्या वस्तीत पोचले. एका घरापुढे त्याची गाडी. आत साहेब निवांत रोलर फिरवत होते.

"काहून रे, माझं घर उघडं पाडून इथं रंग फासून राह्यला?"

"हे काम अर्जंट होतं, बाई," तो मागे न बघताच म्हणाला.

मी रोलर हिसकावला. आवाज ऐकून घरची बाई बाहेर आली. "आमच्या पेंटरले बोलणाऱ्या तुमी कोन?"

"तुमच्या घरी कोनता राजा येऊन राह्यला, एवढी घाई कायले?"

"पोराचं जमवून राह्यलो. पोरीवाले घर पाहाले येतीन."

"दुसऱ्याचा पेंटर पळवणाऱ्या घरात कोन पोरगी देईन? तुमचं पोरगं बिनलग्नाचंच राहीन!"

रागात माझ्या तोंडाला कुलूप नसतं. बाईनं दंड धरून मला दाराकडे ढकललं. तेव्हा तिच्या मागे, सामानाच्या ढिगावर ठेवलेला फोटो मला दिसला. पदवीचा काळा झगा घातलेला मुलगा. हाच फोटो माझ्या फोनमध्ये होता. आपल्याकडे आधी मुलाकडच्यांनी मुलगी बघायची, मग आपण घर बघायला जायचं, म्हणून हे घर मी कधी पाहिलंच नव्हतं.

"तुमी... कपिलची आई?"

ती थबकली. "तुमी कोन?"

खोटं बोलता आलं असतं, पण सुचलंच नाही. "अपेक्षाची माय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मंग रविवारी आमी काही येत नाही. पोरगी मायवरच गेली असन."

"पोरीचा काय दोष त्याच्यात? पाया पडतो तुमच्या."

ती आत निघून गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या पाया पडायला निघाले होते, आणि समोर कोणी नव्हतं.

देवरावनं माझ्या हातातला रोलर अलगद काढून घेतला आणि बादलीत बुडवला.

"मंग बाई, तुमच्या घरची आता काही घाई नाही ना?"