शटरची किल्ली

सिपोराबाई पेणकर शाहूपुरीत आमच्या शेजारी राहायच्या. बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू. त्यांना इस्रायलला जाऊन आता दहा-बारा वर्षं झाली, तरी शुक्रवारी दिवस कलला की माझी नजर त्यांच्या खिडकीकडं जाते.

त्यांचे यजमान एलियाहू घड्याळं दुरुस्त करायचे. शुक्रवारी उन्हं आहेत तोवर दुकान बंद करून ते घरी यायचे. मग सिपोराबाई डोक्यावर पदर घेऊन दिवा लावायच्या. त्यानंतर शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांच्या घरात स्टोव्ह पेटत नसे, पैशाला कुणी शिवत नसे. याला ते शब्बाथ म्हणायचे. आधीच रांधून ठेवलेलं जेवायचं आणि दुपारभर दोघांनी कट्ट्यावर गप्पा मारत बसायचं. शनिवारी खेड्यांवरनं गिऱ्हाईक येतं. ते सोडून हा माणूस बायकोशी बोलत बसतो, हे बघून माझ्या पोटात दुखायचं.

आमचं भांड्यांचं दुकान. आम्ही लिंगायत, सोमवार शिवाचा, बाजारही त्या दिवशी बंद. पण आमचे हे अर्धं शटर उचलून आत जाऊन बसायचेच. शेवटी एका रविवारी मी सोमवारचाही स्वयंपाक उरकला, देवापुढं जास्तीची समई लावली आणि सोमवारी सकाळी खुंटीवरची दुकानाची किल्ली कमरेला खोचली.

"आज किल्ली मिळायची न्हाय," मी म्हटलं.

हे घरी राहिले. गार भाकरी खाल्ली. मग फळीवरचे डबे उतरवून एकेक वाजवून बघत बसले. माझ्या माहेरची पितळी घागर उलटीसुलटी केली आणि म्हणाले, पोचा आलाय, मोडीत घालूया. तिन्हीसांजेला मीच किल्ली काढून दिली.

सिपोराबाईंना हे सांगितलं तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"अक्का, मी कधी किल्ली मागत नाही. दिवा लावायच्या आधी हेच माझ्या हातात आणून देतात. म्हणतात, उद्या मी मागितली तरी देऊ नकोस."

"आणि मागतात?"

"अजून तरी नाही."

हसायला मीही हसले. आधी मला त्यांच्या शनिवारचा हेवा वाटायचा, आता त्यांच्या हाताचा वाटू लागला.

पुढच्या रविवारी हे दुकानातून आले, तेव्हा मी दारातच उभी होते, हात पुढं करून. यांनी जेवणाचा रिकामा डबा माझ्या हातावर ठेवला आणि किल्ली खुंटीला अडकवली.