माझ्या पोटावरचे तीन किलो

मी एक जुनी पितळी पायली, धान्य भरून मोजायचे माप आहे. धामणगाव बढे गावात, इंद्रभानच्या घरी, ज्वारीच्या कणगीशेजारी माझी जागा आहे. मित्रांनो, माझे पोट नीट पाहा. त्यावर काळ्या रंगात 'तीन किलो' असे लिहिले आहे. आकडा खोटा नाही. तरीही तो कोणी मोठ्याने वाचला की मी चिडते.

तांबटाने मला ठोकून घडवले ते एकाच कामासाठी. माझ्यात किती मावते ते मी सांगते. ते किती जड आहे, हे मला कधीच कळले नाही. खळ्यावर पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणत. तो शब्द ऐकला की मला फार बरे वाटे.

नवे राज्य झाले आणि बाजारात शेर जाऊन किलो आले. इंद्रभानने हौसेने मला ज्वारीने भरले, ती ज्वारी तोलली आणि आलेले वजन माझ्यावर रंगवले. कशाचे तीन किलो, ते लिहायचे मात्र राहिले.

त्याच हिवाळ्यात त्याच्या मुलीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले. जेवणात मेथीचा घोळाणा हवाच: कच्ची मेथी, पातीचा कांदा, दाण्याचा कूट, तिखट, वरून तेल. त्याची बायको सत्यभामाबाई अशा वेळी खुडलेली पाने चार पायल्या घेई. या वेळी भाजी शेजारच्या मळ्यातून, तानुबाईकडून तोलून येणार होती.

इंद्रभानने माझ्याकडे पाहिले. "चार पायल्या, म्हंजे बारा किलो. तानुबाई, बारा किलो लागन."

"येवढी? पाव्हणे हायेत का म्हशी?"

"पायलीवर लिहेल हाय ना! काऊन शंका घेऊन राह्यली?"

तानुबाईने आकड्यावरून बोट फिरवले आणि होकारार्थी मान डोलावली. मी ओरडू शकले असते तर! अहो, दाणा तळाला जाऊन बसतो. पाने आडवीतिडवी पडतात, मध्ये सगळी हवा. सैल भरली तर माझ्यात ती अर्धा किलोसुद्धा बसत नाहीत. मुठीने दाबली तर दुप्पट. मग आकडा कोणता खरा?

तानुबाईचे दोन वाफे खुडून झाले, तरी काटा बारावर येईना. शब्द तर दिला होता. शेवटी तिने बियाण्यासाठी राखलेला वाफाही खुडला. ते वाण तिच्या आईने वरवट बकालहून पदरात बांधून दिले होते.

अंगणात हिरवा ढीग पडला. सत्यभामाबाईने सवयीने मला त्यातून चारदा भरले. तेवढ्या पानांत सगळ्या पंगतीचा घोळाणा झाला. ढीग होता तसाच दिसत होता. दुपारी पाने मलूल पडली, संध्याकाळी गोठ्यात गेली.

"मी म्हटलंच होतं, म्हशी हायेत म्हणून," तानुबाई म्हणाली. पण ती हसली नाही.

घरचे बी उरलेच नव्हते, म्हणून पुढच्या वर्षी तिने बाजारचे बी पेरले. पान चावून ती एवढेच म्हणाली, "कडू हाय. पण माह्या मायची मेथी नाही हे."

ते ऐकून इंद्रभान रंग घेऊन आला आणि आकड्याआधी त्याने लिहिले, 'ज्वारीचे'.

मित्रांनो, माझ्यासारख्या मापावर आकडा जरूर लिहा. पण तो कशाचा, हे त्याच वेळी लिहा. माझ्यावर तो शब्द आता आहे. तानुबाईचा तो वाफा मात्र नाही.